व्होल्टेज कॅलिब्रेटर चुकतोय असं वाटलं, तर ट्रिमपॉटला हात लावण्याआधी

व्होल्टेज कॅलिब्रेटर म्हणजे मीटर आणि इंडिकेटर तपासण्यासाठी ठरलेलं, अचूक व्होल्टेज देणारा छोटा डबा. त्याची तक्रार घेऊन येणारे साधारण यातलंच काहीतरी सांगतात. १० व्होल्टला ९.८ च्या आसपास दाखवतंय, पण ७.५, ५ आणि २.५ अगदी बरोबर. किंवा उलटं: १० बरोबर आहे, ५ ला मात्र ५.०३ येतंय. चारही आकडे थोडे थोडे जास्त. सकाळी एक रीडिंग, दुपारी दुसरं. शेवटचे दोन अंक नुसते नाचतायत. डब्यावरच्या स्टिकरवर १०.००३ लिहिलंय आणि मीटर ९.९७ म्हणतोय. चार्जरची पिन लावली की रीडिंग हलतं, काढली की स्थिर. आणि सर्वात त्रासदायक लक्षण म्हणजे मागच्या महिन्यात दुरुस्त करून दिलेला तोच दोष पुन्हा आलेला.

मी नाशिकच्या अंबडला पॅनेल मीटर, टेंपरेचर इंडिकेटर आणि पीएलसीची (कारखान्यातली यंत्रं चालवणाऱ्या कंट्रोलरची) ॲनालॉग कार्डं दुरुस्त करतो. हातात मावणारे हे छोटे कॅलिब्रेटर आता बऱ्याच जणांकडे असतात, आणि बहुतेकांच्या पोटात एडी५८४ ही आयसी असते. काहींमध्ये आरईएफ१०२, तर थोड्या महाग डब्यांमध्ये एलएम३९९. इथलं बरंचसं एडी५८४ धरून लिहिलंय, पण तपासण्याचा क्रम सगळ्यांना लागू पडतो. माझ्याकडे आलेल्या अशा डब्यांमध्ये आयसी खरोखर बिघडलेली फार थोड्यांत निघाली. दोष सापडतो तो बॅटरीत, स्विचमध्ये, लीडमध्ये किंवा समोरच्या मीटरमध्ये. पण माणूस आधी स्क्रू ड्रायव्हर घेतो आणि ट्रिमपॉट, म्हणजे आउटपुट जुळवायचा बारका स्क्रू, फिरवतो. तिथून पुढे डब्याचं मूळ मूल्य काय होतं हे कुणालाच सांगता येत नाही.

चारही आकडे लिहून काढा

ही तपासणी फुकट आहे आणि निम्मं निदान इथेच होतं. कॅलिब्रेटर पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवा. मग एकाच मीटरने, त्याच लीडने (मोजायच्या वायरने) १०, ७.५, ५ आणि २.५ अशी चारही रीडिंग घ्या. शेजारी स्टिकरवरचे आकडे लिहा आणि फरक काढा. फरक मिलिव्होल्टमध्येही लिहा आणि टक्क्यांतही.

हे चारही व्होल्टेज आत एकाच मुळातून येतात. एडी५८४ मध्ये सुमारे १.२ व्होल्टचा बँडगॅप संदर्भ, म्हणजे तापमानाने फारसं न हलणारं मूळ व्होल्टेज, आहे, आणि आतल्या रेझिस्टरच्या साखळीने तो वाढवून १० पर्यंत नेलेला आहे. त्यामुळे संदर्भच सरकला तर चारही आकडे एकाच टक्क्याने सरकले पाहिजेत. समजा स्टिकर सांगतो १०.००३, ७.५०२, ५.००१, २.५०१ आणि तुम्हाला मिळालं १०.०१३, ७.५१०, ५.००६, २.५०४. चारही ठिकाणी साधारण ०.१ टक्का जास्त. मग एक तर मीटर ०.१ टक्का जास्त दाखवतोय, किंवा संदर्भ सरकलाय. दोन्हींत मीटरची शक्यता मोठी.

चारही आकड्यांत मिलिव्होल्टचा फरक सारखाच असेल, म्हणजे सगळीकडे ३ मिलिव्होल्ट जास्त, तर तो झिरोचा दोष. एकटा १० व्होल्ट खाली असेल तर पुरवठा. १० बरोबर आणि खालचा एखादा आकडा वर चढलेला असेल तर निवडीचा स्विच किंवा जंपर.

एक सापळा मात्र लक्षात ठेवा. ६००० काउंटचा (५९९९ पर्यंत आकडे दाखवणारा), रेंज आपोआप बदलणारा मीटर २.५ आणि ५ व्होल्ट ६ च्या रेंजमध्ये मोजतो, ७.५ आणि १० ला तो ६० च्या रेंजमध्ये जातो आणि तिथे त्याची सर्वात लहान पायरी १० मिलिव्होल्टची होते. खालचे दोन जुळतात आणि वरचे दोन जुळत नाहीत, असं दिसलं तर आधी मीटरच्या रेंजचा विचार करा.

मीटरला किती कळतं

पुष्कळ वेळा कॅलिब्रेटर ठणठणीत असतो आणि मीटरकडून नको तेवढी अपेक्षा ठेवलेली असते. साध्या साडेतीन अंकी (१९९९ पर्यंत दाखवणाऱ्या) मीटरची अचूकता ०.५ टक्का अधिक २ काउंट, म्हणजे शेवटच्या अंकाच्या दोन पायऱ्या, अशी लिहिलेली असते. २० व्होल्टच्या रेंजवर १० व्होल्ट मोजताना याचा अर्थ ५० मिलिव्होल्ट अधिक २० मिलिव्होल्ट. म्हणजे ९.९३ पासून १०.०७ पर्यंत काहीही दाखवलं तरी तो मीटर आपल्या शब्दात आहे. साडेचार अंकी, ०.०५ टक्का अधिक ३ काउंटचा मीटर घेतला तरी ८ मिलिव्होल्टची मोकळीक उरते. स्टिकरवरचे आकडे मायक्रोव्होल्टपर्यंत लिहिलेले असतात ते बेंचवरच्या मोठ्या मीटरने काढलेले. आपल्या मीटरवर तेच अंक दिसावेत हा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

मीटरची बॅटरी बदलून पाहा. हे वाचायला किरकोळ वाटेल, पण बॅटरी उतरली की बऱ्याच साध्या मीटरचं रीडिंग फुगतं, कारण मीटरच्या आतला संदर्भच खाली येतो. कोपऱ्यातलं बॅटरीचं चिन्ह एकदा दिसायला लागलं की त्या मीटरच्या कुठल्याही आकड्यावर विश्वास ठेवू नका. नंतर दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून शून्य बघा. शून्याऐवजी २-३ काउंट उरत असतील तर चारही रीडिंगमध्ये तेवढीच भर पडत असणार. शक्य असेल तर दुसरा मीटर आणा, पण वेगळ्या मॉडेलचा. एकाच खोक्यातून घेतलेले दोन मीटर एकाच दिशेने चुकू शकतात.

पुरवठा: सर्वात जास्त वेळा इथेच सापडतं

एडी५८४ ला आउटपुटपेक्षा किमान अडीच व्होल्ट जास्त पुरवठा लागतो. १० व्होल्टसाठी म्हणजे १२.५. आता बघा, लोक त्याला देतात काय? राउटरचा १२ व्होल्टचा ॲडॉप्टर, किंवा गाडीच्या रिमोटमधली ती बारकी १२ व्होल्टची बॅटरी. नवी असते तेव्हा ती साडेबाराच्या आसपास असते आणि काम चालतं. थोडी उतरली की १० व्होल्ट खाली घसरतो, आणि बाकीचे तीन अगदी बरोबर राहतात, कारण त्यांना तेवढं लागतच नाही. पहिलं लक्षण बहुतेक वेळा हेच असतं. बॅटरी बदलली की पंधरा दिवस बरं, मग पुन्हा तेच, आणि माणूस म्हणतो आयसी गेली.

बॅटरी काढून नुसती मोजू नका. कॅलिब्रेटर चालू असताना, १० व्होल्टवर ठेवून, बोर्डावर आलेला पुरवठा मोजा. पॉवरच्या मार्गात एक डायोड असतो आणि तो अर्धा-पाऊण व्होल्ट खातो, हे विसरलं जातं. माझा उपाय साधा आहे: बोर्डावर १५ ते २४ व्होल्ट चालतं असं लिहिलं असेल तर ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या ओळीने जोडायच्या. एडी५८४ ला ३० पर्यंत पुरवठा चालतो, त्यामुळे १८ निर्धास्त. आयसी स्वतः जेमतेम १ मिलिअँपिअर घेते. बॅटरी खातो तो एलईडी.

लिथियम सेल आणि बूस्ट कन्व्हर्टर (सेलचं व्होल्टेज वाढवणारं सर्किट) असलेल्या डब्यांची तऱ्हा वेगळी. तिथे चार्जर लावून मोजमाप करूच नये. स्वस्त चार्जरमधून मेनची गळती आणि स्विचिंगचा आवाज दोन्ही आत येतात आणि शेवटचे अंक नाचू लागतात. चार्जर काढल्यावरही नाचत असतील तर मीटर एसी मिलिव्होल्टला लावून आउटपुट बघा. एक-दोन मिलिव्होल्ट रिपल, म्हणजे व्होल्टेजची बारीक चढउतार, दिसला तर बूस्टच्या आउटपुटचा कपॅसिटर संशयित. साडेसहा अंकी मीटरवर मात्र काही दहा मायक्रोव्होल्टचं हलणं एडी५८४ च्या स्वभावातलंच आहे. तो दोष नाही, त्याच्या मागे लागू नका.

लीड, प्लग आणि हाताची ऊब

दोन वेगळे धातू जिथे टेकतात तिथे तापमानाच्या फरकाने छोटं व्होल्टेज तयार होतं. स्वच्छ तांब्यावर स्वच्छ तांबं असेल तर एका अंशाला ०.२ मायक्रोव्होल्टही नाही. तांबं आणि सोल्डर असेल तर काही मायक्रोव्होल्ट. पण तांब्यावर ऑक्साइडचा थर चढला असेल तर एका अंशाला १००० मायक्रोव्होल्टपर्यंत. म्हणजे काळ्या पडलेल्या प्लगला नुसती बोटांची ऊब लागली तरी मिलिव्होल्ट हलू शकतो. म्हणून प्लग लावल्यावर दोन मिनिटं हात बाजूला ठेवा, डोक्यावरचा पंखा बंद करा.

याची परीक्षा सोपी. रीडिंग घ्या, मग कॅलिब्रेटरच्या टर्मिनलवर लाल-काळी लीड उलट करून पुन्हा घ्या. एकदा २.५०१३ आलं आणि उलट केल्यावर उणे २.५००९, तर खरं मूल्य मधलं, २.५०११, आणि ०.२ मिलिव्होल्ट ही लीड किंवा मीटरच्या झिरोची भेसळ. प्लग पुसायला आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि सुती कापड वापरा. पॉलिश पेपर नको. वरचा निकेलचा किंवा सोन्याचा मुलामा गेला की खालचा धातू आणखी लवकर काळा पडतो. जुनाट, चेपलेली लीड सरळ फेकून द्या. चांगली जोडी एम. जी. रोडवर मिळून जाते आणि ती दुरुस्तीपेक्षा स्वस्त पडते.

निवडीचा स्विच: पुन्हा पुन्हा येणारा दोष

एडी५८४ ची रचना अशी आहे की काहीच जोडलं नाही तर ती १० व्होल्ट देते. ५ साठी तिची ५ ची पिन आउटपुटला जोडावी लागते, २.५ साठी २.५ ची पिन आउटपुटला, आणि ७.५ साठी त्या दोन पिना एकमेकींना. हे जोडणं स्लाइड स्विच किंवा जंपर करतो. म्हणून त्याचा संपर्क खराब झाला की १० ला काहीही होत नाही, आणि खालचे तीन वरच्या दिशेने सरकतात, कारण संपर्क पूर्ण तुटला तर आउटपुट १० वरच जाऊन थांबणार आहे.

पिंपळगाव बसवंतकडच्या द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये कंट्रोलर सांभाळणारा एक तरुण टेक्निशियन माझ्याकडे येतो. तो म्हणाला, "काका, पाचला पाच-शून्य-तीन-आठ येतंय, दहा एकदम करेक्ट. मागच्या महिन्यात तुम्हीच नीट करून दिला होता." मागच्या वेळी मी स्विच दहा-पंधरा वेळा मागे-पुढे करून दिला होता. तेवढ्याने संपर्क घासला गेला आणि रीडिंग जुळलं, पण मूळ कारण तसंच राहिलं. या वेळी डबा उघडून भिंगाखाली धरला, तर स्विचच्या पट्ट्या काळ्या. द्राक्षबागेत भुरी रोगासाठी गंधक मारतात, आणि पेट्यांमध्ये सल्फर डायऑक्साइड सोडणारे पॅड ठेवतात. त्या हवेत हा डबा महिनोन्महिने उघडा पडलेला. गंधकाने तांबं आणि चांदी काळी पडते हे घरातल्या भांड्यांवरूनही कळतं. स्विच बदलला, डबा झाकणाच्या प्लॅस्टिकच्या बरणीत सिलिका जेलची पुडी टाकून ठेवायला सांगितलं. त्यानंतर तो दोष पुन्हा आलेला नाही. आता मी पहिल्याच वेळी स्विच बदलतो. फार तर अवशेष न सोडणाऱ्या कॉन्टॅक्ट क्लीनरची एक फवारणी करून आठवडाभर बघतो, पण नुसता घासून परत देत नाही.

ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण इथे दुसऱ्याचं नुकसान होतं. तुम्ही ५ व्होल्ट म्हणून एखाद्या मायक्रोकंट्रोलरच्या ॲनालॉग पायाला डबा जोडलात आणि त्याच क्षणी स्विचने संपर्क सोडला, तर त्या पायावर १० व्होल्ट जातात. म्हणून आधी मीटरने आउटपुट बघा, मगच जोडा, आणि जोडलेला असताना स्विच हलवू नका.

सकाळ-दुपारचा फरक

नाशिकची थंडी आणि पत्र्याची शेड दोन्ही इथे कामाला येतात. जानेवारीत सकाळी शेड उघडली तर आत १२ अंश, आणि एप्रिलच्या दुपारी ३७ सहज. फरक २५ अंशांचा. एडी५८४ च्या जे ग्रेडची सरक अंशाला ३० पीपीएमपर्यंत (दहा लाखांत ३० भाग) असू शकते. २५ गुणिले ३० म्हणजे ७५० पीपीएम, १० व्होल्टवर साडेसात मिलिव्होल्ट. के ग्रेड असेल तर याच्या निम्मं. यात बिघाड काहीच नाही. स्टिकर कुठल्या तापमानाला लिहिला ते बघा, आणि महत्त्वाचं मोजमाप त्याच्या जवळच्या तापमानाला करा. मीटरचीही अचूकता साधारण २३ अंशांच्या आसपासचीच असते.

पावसाळ्यात आणखी एक भर पडते. बोर्डावर सोल्डरिंगचा फ्लक्स राहिला असेल तर तो ओल धरतो आणि पृष्ठभागावरून गळती सुरू होते. प्लॅस्टिकच्या आवरणातली आयसीही दमटपणाने किंचित फुगते आणि तिच्या आतल्या ताणामुळे मूल्य थोडं सरकतं. धातूच्या गोल डब्यातल्या आयसीला हा त्रास नाही. बोर्ड आयपीए आणि मऊ ब्रशने धुऊन, नीट सुकवून मगच बंद करा.

लोड

सरळ आयसीचं आउटपुट असेल तर १० मेगाओहमच्या मीटरने काही फरक पडत नाही. पण काही डब्यांत १०० मिलिव्होल्टसारखं छोटं आउटपुट नुसत्या रेझिस्टर डिव्हायडरने (व्होल्टेज विभागणाऱ्या रेझिस्टरच्या जोडीने) काढलेलं असतं. त्याचा अंतर्गत रोध १० किलोओहम असेल तर तोच मीटर रीडिंग ०.१ टक्क्याने खाली ओढतो. अशा आउटपुटला कमी रोधाचा इंडिकेटर जोडून इंडिकेटर चुकतोय म्हणणं हा डब्यावरही अन्याय आहे आणि इंडिकेटरवरही.

इथे थांबा

एवढं सगळं करून चारही आकडे एकाच टक्क्याने सरकलेले राहिले, दोन-तीन मीटर तेच सांगतायत, तापमानही ठीक आहे, तर संदर्भ खरोखर सरकला असेल. पडल्याने, बोर्डाचे स्क्रू जास्त आवळल्याने किंवा आयसीजवळ सोल्डरिंग केल्याने असं होतं. तरीही ट्रिमपॉट फिरवू नका. साधा हिशेब करा: ज्याने जुळवायचं तो मीटर जुळवायच्या वस्तूपेक्षा किमान चौपट भरवशाचा हवा. १ मिलिव्होल्टपर्यंत जुळवायचं तर मीटरची खात्री पाव मिलिव्होल्टची, म्हणजे १० व्होल्टवर २५ पीपीएमची. त्यासाठी साडेसहा अंकी आणि अलीकडेच कॅलिब्रेट झालेला मीटर लागतो. तो नसेल तर तुम्ही डबा दुरुस्त करत नाही, स्वतःच्या मीटरची चूक त्यात उतरवता. एका पॅनेल बनवणाऱ्याने हेच केलं होतं. बॅटरी उतरलेल्या मीटरने डबा "जुळवला" आणि त्या डब्यावरून चौदा इंडिकेटर जुळवले. ते चौदाच्या चौदा पुन्हा उघडावे लागले.

डब्याचं रीडिंग ग्राहकाच्या कागदावर किंवा ऑडिटला जाणार असेल तर वरचं काहीच पुरेसं नाही. तो एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवा. पाठवण्यापूर्वी त्यांचा स्कोप, म्हणजे मान्यता मिळालेल्या मोजमापांची यादी, बघा: १० व्होल्ट डीसीला त्यांची स्वतःची अनिश्चितता किती लिहिलेली आहे? ती तुमच्या गरजेच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त नसावी. प्रमाणपत्रावर अनिश्चितता आणि त्यांच्या मानकांचा धागा राष्ट्रीय मानकापर्यंत पोचतो हे लिहिलेलं असतं. व्होल्टचं आपलं राष्ट्रीय मानक दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत जोसेफसन पद्धतीने सांभाळलेलं आहे. जुळवण्याआधीची रीडिंग वेगळी मागून घ्या. गेल्या वर्षभरात तुमचं काम किती चुकत होतं ते तीच सांगतात.

आणखी तीन ठिकाणी हात आवरा. लिथियम सेल फुगला असेल तर चार्ज करू नका, टोचू नका, डबा तसाच जाणकाराकडे न्या. मेनवर चालणारा, शेकडो व्होल्ट देणारा बेंच कॅलिब्रेटर असेल तर तो उघडूच नका. बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये जीवघेणा साठा राहतो. आणि एलएम३९९ असलेला डबा असेल तर त्या आयसीला सोल्डरिंग गन लावू नका. तिच्या आत स्वतःचा हीटर आहे, ती जितकी वर्षं शांतपणे चालते तितकी स्थिर होत जाते, आणि काढ-घाल केली की तो इतिहास पुसला जातो.

प्रयोगशाळेत पाठवताना नवी बॅटरी घाला, रोजची लीड सोबत द्या, जुना स्टिकर काढू नका. परत आल्यावर पहिला महिनाभर दर सोमवारी चारही आकडे, खोलीचं तापमान आणि मीटरचा नंबर एका वहीत लिहा. पुढच्या वेळी डबा माझ्याकडे आणाल तेव्हा ती वहीसुद्धा आणा.